दादांचं उघडं लॉगइन

आमच्या कंपनीत कुणी नोकरी सोडली, निवृत्त झालं किंवा वारलं की माझ्या टेबलावर एक फॉर्म येतो. त्यावर तीन चौकोन असतात: राजीनामा, निवृत्ती, इतर. मृत्यूला वेगळा चौकोन नाही, तिथे 'इतर'वर खूण असते. फॉर्म आल्यापासून चोवीस तासांत त्या माणसाचं लॉगइन बंद करायचं, सही करायची आणि फॉर्म परत पाठवायचा. चाकणच्या या कारखान्यात मी सतरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळते आहे. असे कितीतरी फॉर्म हातावेगळे केले. एकच अडवून ठेवला.

तो दादांचा होता.

दादा मापनकक्षात होते. आम्ही गिअरबॉक्सची ॲल्युमिनियमची झाकणं बनवतो. झाकणातली भोकं केसाच्या जाडीच्या अंशानं जरी चुकली, तरी पुढे गाडी बनवणारी कंपनी अख्खा माल परत पाठवते. म्हणून काचेच्या एका थंडगार खोलीत मोठं मापयंत्र आहे. नमुन्याची झाकणं त्यावर ठेवायची, यंत्र भोकं मोजतं आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक झाकणाचा रिपोर्ट तयार होतो. तो रिपोर्ट पिंपरीच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर गेला पाहिजे. ग्राहक कधीही मागतो. रिपोर्ट नसेल तर झाकण मापलंच नाही असं धरलं जातं.

दादा मूळचे इथलेच. कारखान्याची जमीन त्यांच्या भावकीची होती, आणि मापनकक्षातल्या एसीकडे बोट दाखवून ते नव्या माणसाला हटकून सांगायचे, "हितं बाभळ व्हती आमची. तिच्याखाली म्हशी बसायच्या. आता मशीन बसतंय."

अकरा वर्षांपूर्वी ते यंत्र आलं, तेव्हा रिपोर्ट पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो मागच्या बाजूला आपला आपण चालायचा, त्यासाठी कुणी समोर बसायची गरज नव्हती. अशा प्रोग्रामला आम्ही सर्व्हिस म्हणतो. पाळी संपली की साडेपाचला त्यानं जागं व्हायचं, दिवसाचे रिपोर्ट उचलायचे, सर्व्हरवर ठेवायचे आणि इथला फोल्डर रिकामा करायचा. मी स्वतः चालवून पाहिला, झकास चालला. एकटा सोडून दिला की चालेना. तीन दिवस डोकं फोडलं. सर्व्हरकडे जायचं ते एका क्लायंट सॉफ्टवेअरमधून, आणि ते प्रत्येकाला विचारतं, तू कोण? मी समोर बसलेली असले की माझं नाव लागायचं. सर्व्हिसला नावच नव्हतं. ती म्हणजे नुसता कॉम्प्युटर, आणि सर्व्हर त्याला ओळखत नव्हता.

शेवटी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, बॅकग्राउंडच्या सर्व्हिसला आमच्यातून परस्पर जाता येत नाही. एक सेटिंग आहे. जो युजर लॉगइन करून बसलाय, त्याच्या ओळखीवर ती जाऊ शकते. पण कुणीतरी लॉगइन असायला पाहिजे."

दादा मागे चहाचा कप घेऊन उभे होते. "मग मला बसवा की."

"तुम्ही पाचला घरी जाता, दादा."

"मी जातो. माझं नाव कशाला जातंय? ऱ्हाऊ द्या त्याला हितंच."

मी म्हटलं, आठवडाभर चालवू, मग नीट करू. 'जागा सोडताना लॉगआउट करा' अशी माझ्याच सहीची पाटी मापनकक्षाच्या भिंतीवर होती. दादांचं लॉगइन तिच्याखाली अकरा वर्षं उघडं राहिलं. काम चालत होतं आणि दुसरीकडे रोज काहीतरी बंद पडत होतं. चालणाऱ्या गोष्टीकडे बघायला कुणाला वेळ असतो?

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो कॉम्प्युटर बंद व्हायचा. त्या दिवशी सगळी यंत्रं थांबतात, पुसली जातात, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो. मापयंत्राची पूजा दादाच करायचे. हळद यंत्रापासून हातभर लांब, हा त्यांचा नियम. "देवाला लांबून दिसतं," म्हणायचे, "पण भोकात भुकटी गेली तर गिऱ्हाईकाला जवळून दिसंल." पूजा झाली की स्वतः बटण दाबायचे, एका बोटानं पासवर्ड मारायचे आणि पेढा तोंडात टाकायचे. त्या पासवर्डमुळे पुढचं वर्षभर रिपोर्ट जायचे. हे दादांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. मी विसरले.

दादा या श्रावणात गेले. शुक्रवारी कामावर होते, शनिवारी पहाटे छातीत कळ आली, रुग्णालयात नेईपर्यंत संपलं. दहाव्याला आम्ही कंपनीची बस करून आळंदीला घाटावर गेलो. फॉर्म चौथ्या दिवशीच आला होता. मी यादीत त्यांचं नाव उघडलं, बंद करायच्या बटणावर बाण नेला आणि फॉर्म उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. फोन आला, मीटिंग होती, असं काही सांगता येईल. खरं नाही. मला ते करवलं नाही, एवढंच.

आता मापनकक्षात एकटी मापवाली राहिली. हे नाव तिला यंत्रांवरच्या पोरांनी दिलेलं. तिशी उलटलेली, परभणीकडची, ठेकेदाराकडून चार वर्षं आमच्याकडे. चिखलीहून सकाळची बस आम्ही दोघी एकाच थांब्यावर पकडायचो. नवऱ्याची दोन बोटं कुठल्याशा वर्कशॉपमध्ये प्रेसखाली गेली, तेव्हापासून घर तिच्यावर. आधी ती पॅकिंगला होती. दादांनी मागून घेतली, यंत्र शिकवलं, आणि जायच्या आधी क्वालिटीच्या साहेबांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: दिवाळीनंतर तिला ठेक्यावरून काढून कंपनीच्या हजेरीपटावर घ्यायचं. ठेक्याच्या माणसांना निळा ड्रेस, कंपनीच्यांना करडा. बसमध्ये ती मला म्हणाली होती, "नवऱ्याला सांगितलं मॅडम, औंदा दिवाळीला साडी नको. करडा ड्रेस भेटला की त्याच्यावरच फोटो काढू."

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात दादांचं नाव तसंच दिसायचं. एकदा मी तिथे गेले तेव्हा तिनं विचारलं, "हे काढणार का मॅडम?"

"काढावं लागेल."

"राहू द्या ना थोडे दिवस. सकाळी आलं की नाव दिसतं. बरं वाटतं."

"बरं वाटायला काय झालं त्यात," मी म्हटलं. आणि राहू दिलं.

खंडेनवमीला पूजा तिनं केली. हळद हातभर लांब ठेवली. नारळ फुटला, सगळ्यांनी हात जोडले, तिनं बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरनं दादांचा पासवर्ड मागितला. तो कुणालाच माहीत नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑपरेटरांसाठी एक सामायिक लॉगइन असतं. त्यावर यंत्र चालवता येतं, सर्व्हर उघडता येत नाही. मी ते टाकून दिलं. मापाचा प्रोग्राम सुरू झाला, मी पेढा घेतला आणि पुढच्या विभागात गेले. एका मिनिटाचं काम होतं. त्या मिनिटात मला सर्व्हिसची आठवण झाली नाही. याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

दसऱ्यानंतर चार दिवस काम झालं. पाचव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ग्राहकानं त्या चार दिवसांचे रिपोर्ट मागितले. सर्व्हरवर एकही नव्हता.

साहेबांनी मला मापनकक्षात बोलावलं. साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान, सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. मापवाली यंत्राला पाठ लावून उभी होती.

"मी मापलंय सर. रोज मापलंय. शेवटी 'सेव्ह झालं' असं यायचं."

"मग कुठंय?"

"ते मला कसं कळणार सर?"

दारातून एक पोरगा ओरडला, "ए मापवाली, चार दिवस सोनं वाटत फिरत होतीस काय?" दोघे-तिघे हसले. साहेबांनी दार लावून घेतलं.

मी कॉम्प्युटरपुढे बसले. सामायिक लॉगइन बंद करून माझं टाकलं, कारण त्याशिवाय मला काही तपासता येत नाही. सर्व्हर उघडला, लगेच उघडला. एक फाइल हातानं पाठवली, गेली. इथला फोल्डर पाहिला, त्यात त्या सकाळचे सहा रिपोर्ट होते.

साहेब मागून म्हणाले, "आज विचारणा आली म्हणून आज मापलं. मागचे कुठं आहेत?"

"साडेपाचला ते पाठवले जातात आणि फोल्डर रिकामा होतो," मी म्हटलं.

"पाठवल्यावर रिकामा होतो ना? मग पाठवलेले कुठं गेले?"

मी माझं लॉगइन बंद केलं, सामायिक परत टाकलं, जागेवर आले आणि मेल लिहिला: सर्व्हर, नेटवर्क आणि क्लायंट सॉफ्टवेअर तपासले, दोष आढळला नाही. एक ओळ. खाली माझं पद.

नव्यानं कामाला लागलेल्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात शिकवते: ज्याला दार उघडत नाही, त्याच्याच ओळखीनं दार ठोठावून बघा. तुमच्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत, तुम्हाला दार उघडणारच. त्या मंगळवारी मी माझ्या किल्लीनं दार उघडलं आणि दार ठीक आहे असं लिहून दिलं.

त्या मेलची प्रत ठेकेदाराकडे गेली. संध्याकाळी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही, मागे गेली. चिखलीला उतरताना म्हणाली, "उद्यापासून येऊ नका म्हणले. कार्ड गेटवर जमा करून घेतलं." मग, "मॅडम, तुम्ही तपासलं ना नीट?"

"तपासलं," मी म्हटलं.

बुधवारी तिच्या जागी दुसऱ्या विभागातला एक जाणता ऑपरेटर बसला. त्यानं साहेबांच्या देखत पंधरा झाकणं मापली. गुरुवारी सकाळी सर्व्हरवर त्याचे पंधरा रिपोर्ट नव्हते. इथल्या फोल्डरमध्येही नव्हते.

साहेबांचा फोन आला. त्या दिवशी मी पाचला मापनकक्षात जाऊन बसले. कशाला हात लावला नाही, स्वतःचं लॉगइन टाकलं नाही. साडेपाच वाजले. सर्व्हिस जागी झाली, सर्व्हरकडे गेली, सर्व्हरनं विचारलं, तू कोण? तिनं सामायिक नाव सांगितलं, आणि सर्व्हरनं परत पाठवलं. मग तिनं पुढची पायरी केली. फोल्डर रिकामा केला. पोचलं की नाही ते बघून मग पुसायचं, ही एक ओळ मी अकरा वर्षांपूर्वी लिहिली नव्हती. तेव्हा गरज वाटली नव्हती, दादांच्या नावावर सगळं पोचतच होतं.

खोली वीस अंशांवर असते. मी तिथे किती वेळ बसले माहीत नाही, बोटं गार पडली होती. दादांचा फॉर्म आला त्याच दिवशी मी त्यांचं लॉगइन बंद केलं असतं, तर रिपोर्ट त्याच आठवड्यात अडकले असते. का अडकले ते मला पाच मिनिटांत कळलं असतं, कारण बटण मीच दाबलेलं असतं. एरवी माझ्यावर आरोप असतो की मला माया नाही. एकदा दाखवली.

पुसलेल्या फाइली परत काढायचं एक साधन असतं. शुक्रवारी दिवसभर ते लावलं. तिच्या चार दिवसांतले जवळजवळ सगळे रिपोर्ट परत आले, प्रत्येकावर वेळ, प्रत्येकावर मापणाऱ्याच्या जागी तिचं नाव. एकही झाकण चुकलेलं नव्हतं. मी ते छापून साहेबांसमोर ठेवले आणि काय घडलं ते सांगितलं.

त्यांनी सगळे कागद शांतपणे पाहिले. "मॅडम, हे फार चांगलं झालं. हे आपण सर्व्हरवर टाकू."

"आणि तिचं?"

"ग्राहकाला बुधवारी उत्तर गेलंय. कारण: ऑपरेटरने मापन केले नाही. उपाय: ऑपरेटर बदलला. त्यांनी ते मान्य केलं, विषय बंद झाला." त्यांनी चष्मा काढला. "आता परत काय लिहू? की आमचे रिपोर्ट अकरा वर्षं एका माणसाच्या नावावर जात होते आणि तो माणूस वारला?"

"हो. तेच लिहा. माझं नाव घालून लिहा."

"तुमच्या नावानं भागत नाही, मॅडम. ते अकरा वर्षांचं सगळं तपासायला बसतील. दिवाळी तोंडावर आहे."

मी माझ्यापुरतं लेखी दिलं. मनुष्यबळ विभागानं ते ठेवून घेतलं, मला एक समजपत्र दिलं, आणि सांगितलं की ती बाई आपली कर्मचारी नव्हतीच, ठेकेदाराशी बोला. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, कंपनीनं मागितली तर उद्या पाठवतो. कंपनीनं मागायला पाहिजे." कंपनीनं मागितलं नाही.

रविवारी मी तिच्या खोलीवर गेले. चिखलीत खाली पत्र्याचं वर्कशॉप, वर ओळीनं खोल्या. खाली ग्राइंडर चालू होता, त्यामुळे जरा मोठ्यानंच बोलावं लागलं. नवऱ्यानं सतरंजी टाकली आणि तो मुलीला घेऊन बाहेर गेला. मी सगळं सांगितलं, दादांच्या लॉगइनपासून. ती मेथी निवडत होती. ऐकताना थांबली नाही.

"म्हणजे मी मापलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"ते मला माहीतच होतं मॅडम. तुम्हाला आता कळलं."

तिनं मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली.

"परत घेणार का?"

"नाही. मी विचारलं सगळ्यांना."

तिनं काड्या एका बाजूला सारल्या. "दादांचं नाव काढलं का तिथून?"

"काढलं. काल."

"तेव्हाच काढायला पाहिजे होतं."

"हो."

"मीच म्हणले होते, राहू द्या."

"तू म्हणालीस म्हणून नाही राहिलं," मी म्हटलं. "काढायचं काम माझं होतं."

मग तिनं कामाचं बोलणं काढलं. कुठल्याही कंपनीच्या गेटवर विचारतात, आधीचं का सुटलं. महाळुंग्याच्या एका कंपनीत मापयंत्रावर जागा आहे, पण आमच्याकडून चांगलं सांगणार नाहीत. "तुम्ही लिहून द्याल का?"

मी तिथेच लिहिलं, मुलीच्या वहीतल्या कागदावर नको म्हणून दुकानातून कोरा कागद आणवून. की ही बाई मापयंत्र उत्तम चालवते. की तिनं सगळी मापं घेतली होती. की रिपोर्ट हरवले ते माझ्या प्रोग्राममुळे. खाली सही, पद, फोन नंबर. तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, "दादांनी शिकवलं, ते पण लिहा." तेही लिहिलं. चहा झाला. मी निघाले.

लॉगइन बंद करायला शनिवारी दोन मिनिटं लागली होती. फॉर्मवर उशिराचं कारण विचारतात. मी 'माझा हलगर्जीपणा' लिहिलं. नंतर सर्व्हिसला सर्व्हरवर स्वतःचं वेगळं नाव दिलं, फक्त रिपोर्ट ठेवण्यापुरती परवानगी असलेलं. क्लायंट सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत ती सोय कधीचीच आली होती. पोचल्याशिवाय पुसायचं नाही, ती ओळही घातली. सगळं मिळून पाऊण तास.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. महाळुंग्याहून.

"मॅडम, गेटवर कागद दाखवला. साहेबांनी वाचला, चांगलाय म्हणले. पण शिक्का नाही म्हणले. कंपनीचा शिक्का पाहिजे."

"मी बघते," मी म्हटलं.

शिक्का साहेबांच्या कपाटात असतो. कागद तिच्याकडून परत घेऊन मी सोमवारी शिक्का मागितला. ते म्हणाले, शिक्का मारला म्हणजे कंपनीनं लेखी कबूल केल्यासारखं होतं. पुढच्या सोमवारी परत मागितला. दिवाळी होऊन गेली. ती सध्या खोलीखालच्याच वर्कशॉपमध्ये जाते, हातातल्या व्हर्नियर पट्टीनं बुशिंगच्या छोट्या नळ्या मापते. सकाळी थांब्यावर मी उभी असते तेव्हा शटर उघडताना दिसते. हात करते. मी पण करते, आणि तिची नजर एकदा माझ्या पर्सकडे जाते.

कागद माझ्याकडेच आहे. उद्या सोमवार.